गप्प बसल्याची दखल

सुरतेच्या पूर्वेला, पर्वत पाटियाच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर एक खान्देशी कुटुंब राहत होतं. म्हातारे आबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. आणि भुऱ्या. भुऱ्या हा गावठी कुत्रा. नातीला तो एका पावसाळी संध्याकाळी साड्यांच्या टेम्पोखाली थरथरत बसलेला सापडला होता. तिने त्याला ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि तो घरचाच झाला.

आबा 1972 च्या दुष्काळानंतर सुरतेला आले होते. त्या काळात खान्देशातली कितीतरी तरणी पोरं भुसावळकडून येणाऱ्या गाडीत बसली आणि उधन्याला उतरली. कुणी डाइंग मिलमध्ये लागलं, कुणी लूमवर. लिंबायत, डिंडोली, नवागाम भागात आजही गल्लीत अहिराणी ऐकू येते, श्रावणात घरोघरी कानबाई बसते. आबा लूमवर लागले. बारा तासांची पाळी असे. धोट्याचे जुने लूम रांगेने खडखडत असत आणि त्या कारखान्यात आवाज 100 डेसिबलच्या घरात जाई. अशा आवाजात माणूस वर्षानुवर्षं उभा राहिला की त्याचे कान एकदम जात नाहीत, हळूहळू जातात. आधी बारीक आवाज जातात. पाखरांचे, लहान मुलांचे, बायकांच्या हळू बोलण्याचे. आबांचंही तसंच झालं. स्वतःचा आवाजही त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून ते मोठ्याने बोलू लागले. त्यांना वाटे, आपण साधंच बोलतोय. घराला वाटे, आबा ओरडतायत.

मुलगा साड्यांच्या मार्केटात पॅकिंगचं काम करायचा. सून घरी बसून साड्यांना लेस लावायची, स्टोन चिकटवायची. त्यामुळे दाराची बेल दिवसभर वाजे. एक पोरगा साड्यांचा गठ्ठा टाकून जाई, दुसरा तयार माल घेऊन जाई. मध्ये दूधवाला, शेजारीण, सोसायटीचा माणूस. आणि बेल वाजली की भुऱ्या भुंके.

तो नुसता भुंकायचा नाही. दारापर्यंत धावायचा, उड्या मारायचा, दार उघडेपर्यंत आणि बंद झाल्यावरही भुंकत राहायचा. सून हातातली साडी टाकून उठायची आणि “बस, बस” म्हणायची. नात “सिट, सिट” म्हणायची. मुलगा घरी असला तर गुजरातीत “बेस” म्हणायचा आणि तो गप्प व्हावा म्हणून बिस्कीट फेकायचा. आबा खाटेवरून गरजायचे, “बठ! चूप बठ!” चार माणसं चार शब्द ओरडायची. भुऱ्याला वाटे, आपल्यासोबत सगळं घरच भुंकतंय. तो आणखी जोर करी.

खालच्या मजल्यावर एक मारवाडी कुटुंब होतं. तिथली भाभी नुकतीच बाळंत झाली होती. बाळ मोठ्या मुश्किलीने झोपायचं आणि वर भुंकणं सुरू झालं की दचकून उठायचं. भाभी भांडली नाही. एकदा वर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, “दीदी, कुछ करो.” तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून सुनेला रात्री जेवण गेलं नाही.

मग घरी येऊन कुत्र्यांना शिकवणारा एक माणूस बोलावला. त्याने भुऱ्याच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली. भुऱ्या भुंकला की तो साखळीला हिसका द्यायचा. भुऱ्या बसायचा. बसताना तो जांभया द्यायचा, ओठ चाटायचा, मान वळवून भिंतीकडे बघायचा. घराला वाटलं, शिकला. कुत्रा झोप नसताना जांभई देतो, खाणं समोर नसताना ओठ चाटतो, ते भीतीने आणि ताणाने, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो माणूस पायऱ्या उतरून गेला की पुढच्या बेलला भुऱ्या पूर्वीसारखाच भुंकायचा. त्याची शिस्त त्या माणसाबरोबर आली आणि त्या माणसाबरोबर गेली.

सुनेची मावशी नाशिकला राहायची. तिने तिथल्याच एका ताईचं नाव सांगितलं. ती ताई फोनवरून, समोरासमोर दिसत, एका वेळी एकाच घराला शिकवायची. 2020 च्या टाळेबंदीत कुणाला कुणाच्या दारात जाता येईना, तेव्हा कुत्र्यांच्या बऱ्याच शिक्षकांनी असं शिकवायला सुरुवात केली होती आणि दारं उघडल्यावरही ती रीत टिकली. आबांना हे पटलं नाही. ते म्हणाले, “जिचा हात कुत्र्याला लागत नाही, ती कुत्रा काय शिकवणार?”

पहिला धडा रविवारी ठरला. सगळे आंघोळी करून तयार बसले. नातीने भुऱ्याचे केस विंचरले. फोनवर ताई दिसली आणि नातीने भुऱ्याला उचलून पडद्यासमोर धरलं. ताई हसली आणि म्हणाली, “खाली ठेव त्याला. मला आज भुऱ्या नको, घर दाखवा. फोन टीव्हीशेजारी उभा करा आणि मी नाहीच असं समजून आपापल्या कामाला लागा.”

सगळ्यांना ते विचित्र वाटलं. पण थोड्या वेळाने ते खरंच विसरले. सून साडी घेऊन बसली, मुलगा हिशेबाची वही घेऊन बसला, नात अभ्यासाला लागली. आबा खाटेवर होते. मध्ये बेल वाजली. भुऱ्या भुंकला, घर उठलं, चारही जण ओरडले, बिस्कीट पडलं, दार बंद झालं. मग पुन्हा शांत झालं. ताई काही न बोलता बघत होती. परका माणूस घरात आला की कुत्रा वेगळा वागतो, आणि खरं म्हणजे घरची माणसंही वेगळी वागतात. फोनमधून बघणारीला घर जसं होतं तसं दिसत होतं.

अर्ध्या तासाने तिने हाक मारली. “बेल वाजली तेव्हा भुऱ्या काय करत होता?”

सगळे एकदम बोलू लागले. धावला, उड्या मारल्या, दाराला पंजे लावले.

“आणि बेलच्या आधी?”

कुणी बोललं नाही.

“बेलच्या आधी तो आबांच्या खाटेखाली पुढचे पाय पसरून पडला होता. एक माशी आली, ती त्याने नुसती डोळ्यांनी पाहिली. पाय वाजले जिन्यात, त्याने कान हलवला आणि पुन्हा मान टाकली. खूप वेळ शहाण्यासारखा पडून होता. तेव्हा त्याच्याकडे एकही माणूस वळलं नाही. भुंकला तेव्हा चार माणसं वळली आणि वर बिस्कीट मिळालं. तुम्ही त्याला रोज शिकवताच आहात. काय शिकवताय ते फक्त पाहिलं नव्हतं.”

मुलाने वही मिटली. सून खाली बघत राहिली.

त्या दिवसापासून ताईने घराला एकच काम दिलं. भुऱ्या शांत असेल तेव्हा त्याच्याकडे वळायचं. उगाच लाड करायचे नाहीत, त्याला उठवायचं नाही. हळूच “शाब्बास” म्हणायचं आणि पुढच्या पायांत खाण्याचा एक बारीक तुकडा ठेवायचा. तुकडा पनीरचा चालेल, भाकरीचा चालेल. कांदा, मनुका, चॉकलेट कधीच नाही, ते कुत्र्याला विष. सुनेने एक वही केली. भुऱ्या कधी शांत होता, कुठे होता, ते त्यात लिहायचं ठरलं.

हे काम सोपं वाटलं, पण जमेना. भुंकणाऱ्या कुत्र्याकडे लक्ष आपोआप जातं. गप्प कुत्र्याकडे लक्ष न्यावं लागतं. सून साडीत रमली की विसरायची. मुलगा आठवणीने तुकडा द्यायचा, पण उशिरा द्यायचा. भुऱ्या पडलेला असायचा, हा खिशात हात घालायचा, भुऱ्या उठून जवळ यायचा, मग तुकडा मिळायचा. ताईने पडद्यावरून ते पकडलं. “दादा, तुम्ही त्याला पडून राहायला नाही, उठून यायला शिकवलंत. ज्या क्षणी तो बरोबर वागतो त्या क्षणी शब्द जायला हवा. दोन क्षण उशीर झाला की त्याच्या लेखी ते दुसऱ्याच कशाचं तरी बक्षीस होतं.”

पुढचा प्रश्न शब्दांचा होता. ताई म्हणाली, चौघांनी मिळून एक शब्द ठरवा. घरात वाद झाला. नातीला तिचा शब्द हवा होता, मुलाला त्याचा. आबांना वाद ऐकूच येत नव्हता. ते फोनकडे बघत होते. पडद्यावर ताईने सहज तळहात खाली करून दाखवला, कारण कुत्रा शब्दापेक्षा हात लवकर ओळखतो.

आबा खाटेवरून उठले. ते फोनसमोर आले आणि त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. तळहात जमिनीकडे, बोटं जुळलेली, हात छातीपासून कमरेपर्यंत सावकाश खाली आला आणि तिथे थांबला.

“कारखान्यात आम्ही असं करायचो,” ते म्हणाले. “लूम थांबव. तिथे ओरडून कोणाला काय ऐकू येणार? सगळं बोलणं हातानेच. धागा तुटला तर असं. मालक आला तर असं. चहा आला तर असं.” आणि त्यांनी अंगठा ओठांना लावला.

नातीने आजोबांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ताई पडद्यावर पुढे सरकली. “आबा, तो पहिला हात पुन्हा करा.”

आबांनी केला. हात खाली येताना कुठेही हिसका नव्हता. भुऱ्या मान तिरकी करून त्या हाताकडे बघत होता. हात थांबला तसा तो बसला.

“हाच घेऊ या,” ताई म्हणाली. “आणि तो सगळ्यांना आबा शिकवतील.”

तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. ती बोलत असताना आबा तिच्या ओठांकडे बघायचे. मग ती पडद्याच्या जवळ येऊन, तोंड समोर ठेवून, हळूहळू बोलू लागली आणि निम्मं हातांनी सांगू लागली. आबांना धडा कळू लागला. ज्यांना या शिकवण्यावर विश्वास नव्हता, ते रविवारी सगळ्यांच्या आधी फोनसमोर बसू लागले.

नातीला आबांचा हात जमायला वेळ लागला. ती घाई करायची. मुलाचा हात कडक व्हायचा, मारायला उगारल्यासारखा दिसायचा आणि भुऱ्या मागे सरायचा. आबा मुलाचा हात आपल्या हातात धरून तो खाली आणायला शिकवायचे. मुलगा मोठा झाल्यापासून बापाने त्याचा हात असा धरला नव्हता.

मग बेलचा धडा सुरू झाला. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुनी चटई टाकली. बेलचा आवाज फोनवर भरून घेतला आणि तो इतका हळू वाजवायचा की भुऱ्याने फक्त कान हलवावा. आवाज झाला की आबांचा हात, हात झाला की चटई, चटईवर गेला की तुकडा. ताईने नातीला रशियातल्या इव्हान पाव्हलोव्हची गोष्ट सांगितली. तो कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होता, त्या अभ्यासासाठी त्याला 1904 साली नोबेल मिळालं. त्याच्या ध्यानात आलं की खाणं तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेच कुत्र्यांना लाळ सुटते. “भुऱ्याला आजवर बेल म्हणजे दार, दार म्हणजे गोंधळ,” ताई म्हणाली. “आपण त्याला बेल म्हणजे चटई असं शिकवतोय.”

एक दिवस आबा भाकरीचे तुकडे करताना त्यांना तुपाचं बोट लावत होते. नात म्हणाली, “आबा, तूप कशाला?” आबांनी तिला नामदेवांची गोष्ट सांगितली. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणाले. नातीने ती गोष्ट ताईला सांगितली. ताई म्हणाली, “गोष्ट छान आहे, पण आबा, तूप अगदी बोटभरच.”

आवाज थोडा थोडा वाढवत नेला. मग खरी बेल, पण घरच्याच माणसाने वाजवलेली. मग गठ्ठे आणणारा पोरगा. त्याला सुनेने सांगून ठेवलं, की बेल वाजवल्यावर दार उघडायला क्षणभर उशीर होईल, राग मानू नकोस. तो खांद्यावर गठ्ठा घेऊन उभा राहायचा. दार उघडलं की त्याला आधी चटईवर बसलेला भुऱ्या दिसायचा आणि मग चहाचा कप. काही दिवसांनी तो स्वतःच हात खाली करून दाखवू लागला.

हे सगळं सरळ झालं नाही. मध्ये एक आठवडा फार वाईट गेला. मुलाने बिस्कीट टाकणं बंद केलं होतं आणि भुऱ्या पूर्वीपेक्षा जास्त भुंकू लागला. सोसायटीचं पत्र आलं. मुलगा वैतागून म्हणाला, “पैसे पाण्यात गेले.” ताई म्हणाली, “आजवर भुंकलं की मिळत होतं. आता मिळेना, तर तो आधी जोर लावून बघणारच. या आठवड्यात हार मानून एकदा जरी बिस्कीट टाकलंत, तर तो एवढंच शिकेल, की जास्त वेळ भुंकावं लागतं. धरून राहा.”

धरून राहायचं तर खालच्या बाळाचं काय? सून खाली गेली. तिने भाभीला सगळं समजावून सांगितलं आणि बाळाच्या झोपेच्या वेळा विचारून घेतल्या. धडे त्या वेळा सोडून करायचे ठरले. भाभी म्हणाली, आजवर कुणी वेळ विचारायला आलं नव्हतं. तो आठवडा गेला. पुढच्या आठवड्यात भुंकणं उतरलं आणि मग उतरतच गेलं.

एका दुपारी सून वही चाळत होती. भुऱ्या शांत, आबांच्या खाटेखाली. भुऱ्या शांत, आबांच्या पायाशी. भुऱ्या शांत, आबांजवळ. पानामागून पान असंच होतं. तिने मान वर केली. आबा खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होते. कधीपासून बसले होते, तिला सांगता आलं नसतं. सकाळी ते चहासाठी ओरडले होते, तेव्हा ती धावत गेली होती. काल चष्मा सापडेना म्हणून ओरडले होते, तेव्हा मुलगा गेला होता. ओरडले नव्हते तेव्हा कोण गेलं होतं, हे तिला आठवेना.

तिने वही ठेवली. चहा केला. आबांच्या खांद्याला हलकेच हात लावून ती त्यांच्या समोर बसली, त्यांना आपले ओठ दिसतील अशी. “आबा, चहा,” ती म्हणाली. तिने मुद्दाम आवाज चढवला नाही.

आबांनी कप घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, “मी मागितला होता का?”

“नाही. मलाच वाटलं.”

पुढे ती रोज असं करू लागली. मग तिने मुलाला सांगितलं आणि मुलगा मार्केटातून आला की बापासमोर जरा वेळ बसू लागला. आबांचा आवाज एका दिवसात खाली आला नाही. पण हाका कमी झाल्या. ज्या कामासाठी त्या हाका होत्या, ते काम आता हाकेआधीच होत होतं.

आषाढात पाऊस लागला. पर्वत पाटियाच्या लोकांना तापीपेक्षा खाडीची भीती जास्त. वरून येणारं पाणी आणि शहराचं पाणी खाडीत एकत्र होतं आणि ती फुगून रस्त्यांवर येते. त्या वर्षीही आली. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकात पाणी दिसलं, अंधार पडेपर्यंत खालच्या घरांत शिरलं. वीज गेली. थोड्या वेळाने फोनही गेला.

मग दारावर धडाधड हात पडू लागले. वीज नव्हती, म्हणून बेल नव्हती. बेलचा धडा झाला होता. मुठींनी दार ठोकल्याचा धडा कधीच झाला नव्हता. भुऱ्या उठला आणि तीनदा जोराने भुंकला. जिन्यात माणसांचा गलका होता, बाळ रडत होतं. सुनेचा हात फोनकडे गेला. फोन काळा होता. मुलाने ओरडायला तोंड उघडलं.

आबांना गलका ऐकू आला नव्हता, पण भुऱ्या दिसला होता. त्यांनी विजेरी पेटवली आणि तिचा उजेड स्वतःच्या उजव्या हातावर टाकला. तळहात जमिनीकडे होता. हात छातीपासून कमरेपर्यंत सावकाश खाली आला आणि थांबला.

भुऱ्याने हाताकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा हाताकडे पाहिलं. मग तो वळला आणि चटईवर जाऊन बसला. मुलाने उघडलेलं तोंड मिटलं आणि दार उघडलं.

भाभी बाळाला छातीशी धरून आत आली. मागून तिची सासू, नवरा, भिजलेली गाठोडी, गॅसची टाकी, शेजारच्या खोलीतली दोन मुलं. दोन खोल्यांच्या घरात माणसांना पाय ठेवायला जागा उरली नाही. सुनेने साड्यांचे गठ्ठे माळ्यावर टाकले आणि खिचडी चढवली. आबा चटईशेजारी बसले. रात्रीतून भुऱ्या दोनदा उठला. दोनदा आबांनी हात दाखवला, आणि तो बसल्यावर तुपाचं बोट लावलेला तुकडा त्याच्या पायांत ठेवला. बाळ उशिरा का होईना, झोपलं. आबांना झोप आली तेव्हा विजेरी मुलाने हातात घेतली. त्याचा हात आता कडक नव्हता.

त्या घराला शिकवणारीचा हात नाशिकहून सुरतेपर्यंत पोचत नव्हता. पोचला असता तर भुऱ्या तिच्या हाताने शिकला असता आणि दिवे गेल्यावर तो हात घरात नसता. तो पोचत नव्हता म्हणून घरातल्या चारही जणांचे हात शिकले. आणि जनावर असो की माणूस, आपण ज्या वागण्याकडे वळतो तेच त्याच्यात वाढतं. ओरडण्याकडे सगळेच वळतात. गप्प बसलेल्याकडे वळायला आधी तो गप्प आहे हे दिसावं लागतं. ते त्या घराला दिसू लागलं होतं.

पाणी ओसरलं. सोसायटीत चार दिवस चिखल उपसण्यात गेले, त्यात मुलगा आणि भाभीचा नवरा एकाच फावड्यावर आळीपाळीने राबले. फोन सुरू झाल्यावर ताईने सगळं ऐकून घेतलं. तिने भुऱ्याची वाहवा केली नाही. आधी विचारलं, तीनदा भुंकल्यावर कुणी ओरडलं का? कुणी ओरडलं नाही, असं नात म्हणाली. तेव्हा ताईने टाळ्या वाजवल्या, आवाज न करता, आबांना दिसतील अशा.

पुढच्या महिन्यात मुलगा आबांना स्मीमेर रुग्णालयात घेऊन गेला. कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर काढलेली रेघ दाखवली. ती डावीकडून बरी चालत होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या जागी, एकदम खाली घसरली होती. मुलगा त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. इतकी वर्षं तो ज्याला बापाचा स्वभाव समजत होता, ते त्या कागदावर होतं. यंत्र बसवलं. पहिले काही दिवस आबांना भांड्यांचा आवाज सोसेना, ते यंत्र काढून ठेवायचे. नातीने ताईच्या पद्धतीने त्यांना सवय लावली. आधी शांत खोलीत थोडा वेळ, मग जास्त वेळ, मग स्वयंपाकघरात.

दिवाळी दोन महिन्यांवर होती. सुरतेत फटाके खूप उडतात आणि पाठोपाठ उत्तरायणाला गच्च्यांवरचा गोंगाट असतो. ताई म्हणाली, आदल्या दिवशी शिकवून काही होत नाही, आजपासून लागा. नातीने फोनवर फटाक्यांचा आवाज लावला. आबा चटईजवळ भाकरीचे तुकडे घेऊन बसले. भुऱ्या पडला होता. आवाज सुरू झाला तसा त्याने ओठ चाटले आणि मान भिंतीकडे वळवली.

नातीला वाटलं, आवाज हळूच आहे. आबांनी हात वर करून तिला थांबवलं.

“जास्त आहे पोरी,” ते म्हणाले. “अजून कमी कर.”